झडप

संध्याकाळी बर्फाच्या कारखान्यातून घरी येते
तेव्हा पिशवीत दोन वस्तू असतात:
बर्फाच्या चुऱ्यात खुपसलेली दुधाची बाटली,
आणि दिवसभरात तीनदा वापरलेला पंप.
बाटली पूर्वीची. पंप माझा.

आधी हात. पावत्यांची शाई असते नखांत.
मग एकेक भाग सुटा करायचा.
नरसाळं, पडदा, नळी,
आणि ती झडप, करंगळीच्या पेराएवढी,
बोयटाच्या पिल्लानं आ करावा तशी.

आधी गार पाणी.
एकदम कढत घातलं तर दूध चिकटून बसतं.
हे कुणी शिकवलं नाही मला,
तीन दिवस आंबूस वास जाईना तेव्हा कळलं.
मग कोमट पाणी, साबण, तिचाच वेगळा ब्रश,
मग टोपात पाच मिनिटं उकळी.

आमची विहीर मचूळ.
चैत्रानंतर डाळसुद्धा शिजत नाही त्या पाण्यात,
प्लास्टिकवर तर पांढुरका पापुद्रा धरतो.
म्हणून वरच्या वाडीतून एक कळशी आणते
फक्त ह्याच्यासाठी, जांभ्याच्या सत्तर पायऱ्या.
शेजारची म्हणाली,
"मशनीक गोडा पाणी, नि आमी खारा पितंव."
खोटं कशाला सांगू,
लाजले थोडी.

सासूचं मासे धुवायचं घमेलं
पूर्वी माझ्या टोपाशेजारीच असायचं.
एकदा नरसाळ्याला बांगड्याचा खवला चिकटलेला तिनं पाहिला.
बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवशी कोयती, करवंटी, राख
सगळं माडाच्या मुळाशी गेलं, कायमचं.
पुढे एकदा स्वतःच हात धुऊन आली,
झडप चिमटीत धरून किंचित उघडली, आत पाहिलं.
"ह्येका पण कल्ले असतत काय गो?"
कल्ले बघून मासा कधीचा ते सांगते ती,
सत्तेचाळीस वर्षं देवगडच्या बंदरात.

मार्गशीर्षात दूध कमी झालं.
आधी बाटली गळ्यापर्यंत भरायची,
मग निम्मी, मग तळ झाकेल इतकंच.
मी अळिवाची खीर खाल्ली, शतावरी घेतली,
नोकरीला, उन्हाला, स्वतःच्या छातीला
मनातल्या मनात नको ते बोलले.
पूर्वीला रात्री पाजताना
तिच्या घोटांचा आवाज मोजत राहिले.

घनश्याम आठ दिवसांनी समुद्रावरून आला.
ट्रॉलरवर इंजीन त्याच्याकडे.
धुऊन झाल्यावर नळीत दव राहिलं होतं
म्हणून मी पंप तसाच रिकामा चालवत होते,
तो जेवत होता.
घास हातात धरून थांबला,
इंजिनाचं ऐकतो तशी मान कलती.
"परत चालव."
चालवला.
"जोडून चालव."
जोडला.
उठला, हात धुतले, झडप बॅटरीच्या उजेडापुढे धरली.
चिरेत केसभर उजेड.
"व्हाल गेलो हा. तुझा काय नाय."

कारखान्यात मी बसते कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून.
तिथल्या घरघरीत
हा हवा गिळतोय, ओढत नाही,
हे मला ऐकू येणार कसं?

मी उठून परसात गेले
आणि नळाखाली उगाच टोप घासला, स्वच्छ असलेला.
"तुझा काय नाय"
एवढंच हवं होतं की काय कुणाकडून,
आणि त्यानं तर ते झडपेबद्दल म्हटलं होतं.

नवी झडप कणकवलीहून यायला चार दिवस लागले.
तोवर कारखान्यातल्या मागच्या खोलीत
हातानं, स्टीलच्या वाटीत.
आता महिन्याला बदलते.
जुनी त्यानं नेली, म्हणाला असूदे,
पान्यांच्या डब्यात, वायसरांबरोबर.
कशाला उपयोगी पडणार आहे ती डिझेलला?

रात्री सगळं धुतलेल्या पंचावर मांडते,
वर जाळी, मांजरीची खात्री नाही म्हणून.
पुसत नाही. आपोआप सुकू देते.
शेवटी नळी लावून मोटर दोन मिनिटं,
नुसता वारा.
त्या आवाजाला पूर्वी झोपेतच तोंड हलवते,
आणि माझा परकर भिजतो,
आत्ताच धुतलेल्या, कोरड्या,
काहीच न मागणाऱ्या यंत्रासाठी.